मधल्या वर्तुळातले सर

सरांच्या मते बास्केटबॉलची मॅच दोन सेकंदांची असते. पंच मधल्या वर्तुळात उभा राहून दोन खेळाडूंच्या मधोमध चेंडू वर टाकतो, दोघं उडी मारतात, एकाचा हात आधी लागतो. झाली मॅच. पुढची चाळीस मिनिटं लोक पळतात, घाम गाळतात, बास्केट करतात, त्याला सरांची हरकत नव्हती. त्या वेळात ते पंचाचं काम चोख करायचे. पण चेहरा असा असायचा, जसा लग्न लावून झाल्यावर पंगतीत अडकलेल्या भटजींचा असतो.

सर भुसावळच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी जळगाव-धुळे भागातल्या स्पर्धांना पंच म्हणून जायचे. उंची पाच फूट दोन इंच. दोन उंच खेळाडूंच्या मधे ते जाऊन उभे राहिले की बाहेरून दिसेनासे व्हायचे. मग त्या दोघांच्या डोक्यांवरून चेंडू सरळ वर येताना दिसायचा, तेव्हा लोकांना कळायचं की सर आत आहेत.

त्यांचा टॉस मात्र बघण्यासारखा होता. चेंडू सरळ वर जायचा, दोघांच्या उडीपेक्षा हातभर उंच, आणि कोणी हात लावला नाही तर त्याच तळहातावर परत यायचा. चेंडूला गिरकी बसता कामा नये, हा त्यांचा आग्रह. सरावाच्या चेंडूवर त्यांनी खडूने एक पांढरी रेघ मारली होती. वर जाताना रेघ त्यांच्याकडे तोंड करून असेल तर खाली येतानाही तशीच असली पाहिजे. रोज सकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानावर ते असे शंभर टॉस टाकायचे. मे महिन्यात भुसावळात सकाळीही चेंडू तापून टणक होतो, म्हणून तो रात्रभर ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "घरात माठाले फडकं नाही, अन् चेंडूले टॉवेल."

मी आठवीत होते आणि माझी उंची पाच फूट सात इंच होती. त्या वयात हे दुखणंच असतं. मी पाठीत वाकून चालायचे. एकदा आईबरोबर भाजीबाजारात गेले होते. भरताची वांगी निवडणं चाललं होतं, तेवढ्यात एक बुटके गृहस्थ आमच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि आईला विचारलं,

"ताई, हिची उडी किती आहे?"

"कसली उडी?"

"उभ्या जागेवरची."

"तिला वांगी न्यायची आहेत," आई म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

"वांगी घेऊन झाली की मारू द्या."

सर तिथेच थांबले. वांगी तोलून झाली, पिशवीत पडली, आणि मग मी बाजारात, भर गर्दीत, जागच्या जागी उडी मारली. का मारली ते आजही सांगता येणार नाही. सरांच्या सांगण्यात असं काही होतं की नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटायचं. भाजीवाल्याने माझ्या बोटांची टोकं त्याच्या ताडपत्रीच्या कुठल्या दोरीला लागली ते दाखवलं. सरांनी दोरीखाली उभं राहून वर पाहिलं, आईला नमस्कार केला आणि म्हणाले, "उद्या सहा वाजता."

पुढचे तीन महिने सरांनी मला बास्केटकडे बघू दिलं नाही. फक्त उडी. मी दुसऱ्या शाळेची, मुलींच्या शाळेची, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. ते चेंडू वर टाकायचे आणि मी खाली उभी राहून वाट बघायचे. वाट बघणं हाच धडा होता. चेंडू वर जात असताना हात लावायचा नाही, नियम मोडतो. तो वर पोचतो आणि क्षणभर थांबतो. थांबला की मारायचं. दोनदा हात लावता येतो, पण धरायचा नाही.

"दिसला थांबलेला?" सर विचारायचे.

"नाही दिसला, सर."

"मग पुन्हा."

तीन महिन्यांनी एक दिवस मला तो थांबलेला दिसला. मी तसं सांगितल्यावर सर म्हणाले, "आता पाठीत वाकून चालायचं बंद कर. तुझ्या उंचीला काम मिळालं."

टॉस टाकण्यापूर्वी सर दोन्ही खेळाडूंना एकच वाक्य सांगायचे. "चेंडू आता कोणाचाच नाही." बाकी पंच शिट्टी तोंडात धरून नुसती मान हलवतात. सर शिट्टी बाजूला करून, घसा खाकरून हे सांगायचे. लहान मुलं घाबरायची.

मी नववीत गेले त्या वर्षी नियम बदलला.

सरांनी तो मला फार वर्षांपूर्वीपासून सुरुवात करून समजावला. अगदी पूर्वी, म्हणजे सरांच्या जन्माच्याही आधी, प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मधल्या वर्तुळात यायचा आणि पुन्हा उडी व्हायची. सर त्या काळाबद्दल असं बोलायचे, जसे लोक स्वस्ताईबद्दल बोलतात. मग ते बंद झालं. मधल्या काळात अशी पद्धत होती की दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी एकाच वेळी चेंडू घट्ट धरला आणि कोणी सोडेना, तर जवळच्या वर्तुळात त्या दोघांची उडी. एका मॅचमध्ये पाच-सात उड्या सहज व्हायच्या. सरांची सगळी पंचगिरी या काळातली. आणि आता नव्या नियमाने उडी काढून टाकली. दोघांनी चेंडू धरला की टेबलाकडे बघायचं. टेबलावर एक बाण ठेवलेला असतो. बाण ज्यांच्या बाजूला, चेंडू त्यांचा. त्यांनी तो बाहेरून आत फेकला की बाण दुसऱ्या बाजूला फिरवायचा. पुढच्या वेळी दुसऱ्यांचा. आळीपाळीने.

"मॅचच्या सुरुवातीची उडी राहिली आहे," सर म्हणाले, "आणि तिसऱ्या क्वार्टरची."

वर्षभराने तिसऱ्या क्वार्टरचीही गेली. ज्या दिवशी ते परिपत्रक शाळेत पोचलं त्या दिवशी सरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं.

आता एका मॅचला एकच टॉस. सकाळचे शंभर मात्र त्यांनी कमी केले नाहीत.

काकूंना बाणाचा नियम मनापासून आवडला. त्यांनी पुठ्ठ्याचा बाण कापून फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला. एका बाजूला 'हे', दुसऱ्या बाजूला 'मी'. सकाळचा चहा कोणी करायचा, दळण कोणी आणायचं, लग्नाला कोणी जायचं, सगळं त्यावर. मी गेले की सर चहाचं आधण ठेवताना दिसायचे आणि काकू बाहेर पेपर वाचत बसलेल्या. "तीस वर्षं मीच करून राह्यली होती," त्या मला म्हणाल्या. "हा नियम कोनं काढला व? त्याले माह्या नमस्कार सांग."

सरांची पंचगिरी गेली ती एका उद्घाटनात. जळगावला मोठी स्पर्धा होती आणि प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी आले होते. आपल्याकडे रीत अशी की पाहुण्यांनी हार घालूनच मधल्या वर्तुळात जायचं, फोटोसाठी चेंडू जरा वर उडवायचा, टाळ्या, पाहुणे खुर्चीत. आणि मग पंच खरा टॉस टाकतो. सरांना ही रीत मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, नियमाने मॅचला उडी एकच शिल्लक ठेवली आहे. त्यात समारंभाची वेगळी काढली तर दोन होतात. तेव्हा पाहुणे टाकतील तोच टॉस.

पाहुण्यांनी देवळात फुलं उधळावीत तसा चेंडू टाकला. तो एका खेळाडूच्या खांद्यावर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सरांनी शिट्टी.

"टॉस वाकडा आहे. पुन्हा."

पाहुणे हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. दुसऱ्या वेळी चेंडू जेमतेम डोक्यापर्यंत गेला. शिट्टी.

"साहेब, दोघांच्या उडीपेक्षा उंच जायला पाहिजे."

आयोजक कडेवरून हातवारे करत होते. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला होता. तिसरा टॉस उंच गेला, पण गिरकी घेत. सरांनी पाहुण्यांचा तळहात आपल्या हातात घेऊन तो चेंडूखाली कसा ठेवायचा ते दाखवलं. पाहुण्यांनी हार काढून कार्यकर्त्याकडे दिला, बाह्या वर सारल्या. चौथा टॉस सरळ गेला. पाहुण्यांनी वळून सरांना विचारलं, "आता?" सर म्हणाले, "आता ठीक."

पाहुणे खूश होऊन गेले. त्यांच्या बरोबरची माणसं खूश नव्हती. दोन आठवड्यांनी सरांना पत्र आलं की 'आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ यापुढे तांत्रिक टेबलास व्हावा.' याचा अर्थ, सरांनी आता मैदानात उतरायचं नाही. टेबलाशी बसायचं. टेबलावर गुण लिहायला एक जण होता, घड्याळ सांभाळायला एक होता. उरलं होतं बाण फिरवणं.

सर त्या कामावर गेले. पत्र आलं आहे म्हटल्यावर जायचं, एवढंच म्हणाले. प्लायवुडचा बाण होता, लाल रंगाचा, खिळ्यावर फिरणारा. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून, त्याच्यामागे ताठ बसायचे. शिट्टी वाजवायचा अधिकार आता नव्हता.

मी बारावीत असताना आमच्या संघाने विभागाची अंतिम फेरी गाठली. मॅच धुळ्याला, धुळ्याच्याच संघाशी. जिंकणारे राज्य स्पर्धेला जाणार. राज्य स्पर्धेला खेळलं की बारावीला वाढीव गुण मिळत, आणि माझी गणिताची अवस्था बघता ते गुण मला हवेच होते. त्याहून खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. पाच वर्षं उड्या मारल्या होत्या. टेबलावर बाणाला सर होते.

सुरुवातीची उडी मी जिंकले. बाकी मॅच बरोबरीत चालली. शेवटच्या क्वार्टरमध्ये आमच्या एका मुलीने आणि त्यांच्या एकीने चेंडू धरला, पंचाने चेंडू अडल्याची खूण म्हणून दोन्ही अंगठे वर केले, बाण आमच्या बाजूला होता, आम्हाला चेंडू मिळाला. आम्ही तो आत टाकला, खेळ पुढे गेला.

शेवटचे नऊ सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. धुळ्याची कप्तान चेंडू घेऊन निघाली. ती माझ्या खांद्याला लागत होती, पण चपळ होती. मी आडवी गेले आणि दोन्ही हातांनी चेंडूला मिठी मारली. तिने सोडला नाही, मीही नाही. शिट्टी. अंगठे वर. मी टेबलाकडे पाहिलं. बाण आमच्या बाजूला. मैदानाबाहेर आमच्या मुली नाचायला लागल्या. नऊ सेकंद मला खूप होते.

सर उठून उभे राहिले.

"बाण चुकीचा आहे," ते म्हणाले. "मागच्या वेळी चेंडू यांना दिला. त्यानंतर मी बाण फिरवायचा विसरलो. चेंडू धुळ्याचा."

पंच तरुण होता. त्याने गुण लिहिणाऱ्याकडे पाहिलं, घड्याळवाल्याकडे पाहिलं. दोघांनाही काही आठवत नव्हतं. धुळ्याचे प्रशिक्षक, सगळे त्यांना आबा म्हणायचे, ते टेबलाशी आले.

"भाऊ, बाण आमना शे हाई आमले बी माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," सर म्हणाले आणि हाताने बाण फिरवला.

धुळ्याच्या मुलींनी नऊ सेकंद चेंडू आपापसात खेळवला. आम्ही फाउल करायलाही पोचलो नाही.

परतीच्या एसटीत आम्ही मुली मागे बसलो होतो. सर पुढे, कंडक्टरच्या मागच्या बाकावर एकटे बसले होते. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी उठून त्यांच्याजवळ गेले. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये असं वाटत होतं, त्यामुळे आवाज चढला.

"तुम्हाला बाण आवडत नाही म्हणून विसरलात."

सरांनी जरा विचार केला. "त्या वेळी दोघींनी चेंडू धरला होता," ते म्हणाले. "मी त्यांच्याकडे बघत राहिलो. जुना नियम असता तर मधे मी असतो. मी मनात टॉस टाकत होतो. तेवढ्यात खेळ पुढे गेला."

"जुना नियम असता तर शेवटी माझी उडी झाली असती. ती माझ्या खांद्याला लागते, सर. चेंडू माझाच होता."

"हो," सर म्हणाले. "म्हणून तर नियम बदलला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पाच फूट दोन इंचाचा माणूस बाकावर बसला होता, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. पाच वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं की तुम्ही स्वतः कुठल्या जागी खेळायचात.

तेव्हाही विचारलं नाही. मी जागेवर जाऊन बसले आणि पुढचे आठ महिने त्यांच्याशी बोलले नाही. सकाळी सहाला मैदानाकडे गेले नाही. अभ्यास आहे असं घरी सांगितलं आणि खरंच अभ्यास केला, रागाने. गणितात पास झाले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी काकू आमच्या घरी पेढे खायला आल्या. पेढा तसाच हातात धरून म्हणाल्या,

"तू मैदानावर येत नाही म्हनून तुले माहीतच नसंल. हेही जात नाही."

"म्हणजे?"

काकूंनी सांगितलं ते असं. धुळ्याहून आल्यावर सरांनी बास्केटबॉल संघटनेला पत्र लिहिलं. 'माझ्या हातून चूक झाली आहे, तरी योग्य ती शिक्षा व्हावी.' तिकडून उत्तर आलं, की टेबलावरील व्यक्तीस शिक्षा करण्याची तरतूद नियमावलीत आढळून येत नाही. सरांनी नियमावली काढून पाहिली. खरंच नव्हती. मग त्यांनी स्वतःच ठरवली. एक वर्ष टॉस बंद. सरावाचाही.

"आठ महिने झाले. सकायी सहाले उठून हे घरात बसते," काकू म्हणाल्या. "मी पोया लाटते तं बाजूले उभे. म्हन्ते, ही गोल नाही आली. अजून चार महिने यायले घरात ठेवलं तं मीच घर सोडीन. तू काहीतरी कर व माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. सर दारापुढच्या ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "सर, उडी मारायची आहे."

"अजून चार महिने आहेत."

"माझं नुकसान झालं होतं ना? मग मी माफ केलं."

"तुला तो अधिकार नाही."

"मग कोणाला आहे?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. तेही नियमावलीत नव्हतं. काकू आतून चेंडू घेऊन आल्या. ओला टॉवेल नव्हता, चेंडू माळ्यावर पडून मऊ झाला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला, सरांच्या चपला त्यांच्यापुढे ठेवल्या आणि कुलूप घेऊन दाराबाहेर उभ्या राहिल्या. आत जायची सोय उरली नाही तेव्हा सर निघाले.

मैदानावर सर मधल्या वर्तुळापर्यंत गेले आणि थांबले. "उडीला दोन खेळाडू लागतात," ते म्हणाले. इतकी वर्षं मी एकटीच उडी मारत होते, तेव्हा हे त्यांना आठवलं नव्हतं. मला वाटलं, आता ते परत फिरणार.

"मी राह्यते ना उभी," काकू म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, चपला रेषेबाहेर काढून ठेवल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सरांनी त्यांचे पाय पाहिले. एक पाऊल रेषेवर होतं. "दोन्ही पाय आपल्या अर्ध्या वर्तुळात," ते म्हणाले. काकूंनी पाऊल मागे घेतलं. सर आमच्या दोघींच्या मधे आले. त्यांनी घसा खाकरला, पण नेहमीचं वाक्य टाळलं. चेंडू तळहातावर घेतला.

टॉस वाकडा गेला. आठ महिन्यांत खांदा आखडला होता. चेंडू काकूंच्या बाजूला कलला आणि वर जात असतानाच काकूंनी दोन्ही हातांनी त्याला असा फटका मारला, की तो थेट कुंपणापाशी गेला. सरांनी गळ्यातली शिट्टी वाजवली. पंच म्हणून दोन वर्षांनी वाजवली असेल.

"चेंडू वर जात होता," ते काकूंना म्हणाले.

"मंग काय त्याची वाट पाह्यत बसू?"

सर स्वतः जाऊन चेंडू घेऊन आले. नियमाप्रमाणे मला रेषेबाहेर उभं केलं आणि चेंडू माझ्या हातात दिला. आता पाच सेकंदांत तो आत टाकायला हवा. मी मैदानात पाहिलं. माझ्या बाजूचं तिथे कोणी नव्हतं. काकू कमरेवर हात ठेवून आडव्या उभ्या होत्या, सर एका हाताने सेकंद मोजत होते. एक, दोन, तीन. चौथ्याला मी काकूंच्या डोक्यावरून चेंडू सरांकडे फेकला.

चालू खेळात पंचाने चेंडू धरायचा नसतो. सरांनी धरला.